एका रुग्णाचे कागद

जून १९१८ मध्ये ए. एस. रामलिंगम या मद्रासकडच्या इंजिनिअरने केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांना एक लांबलचक पत्र लिहिले. रामलिंगम इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर जॅरो येथे जहाजबांधणीच्या कारखान्यात नोकरीला होते. डर्बीशायरमधल्या मॅटलॉकच्या सॅनेटोरियममध्ये त्यांच्या ओळखीचा एक रुग्ण होता. त्याच्यापाशी दोन-तीन दिवस राहून ते नुकतेच परतले होते. पत्राचा मोठा भाग जेवणाविषयी आहे. रुग्णाला काय वाढतात, त्यातले घशाखाली काय उतरते, कशासाठी त्याचा जीव तळमळतो, याची तपशीलवार हकीकत आहे. रामलिंगम काळजीत आहेत आणि वैतागलेलेही. या माणसाने जिभेला आवर घातला नाही तर तो जगणार नाही, असे त्यांना मनापासून वाटते.

रुग्णाचे नाव श्रीनिवास रामानुजन. वय तीस. रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून त्यांची निवड होऊन काही आठवडेच झाले होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला लंडनच्या भुयारी रेल्वेच्या रुळांवर त्यांनी स्वतःला झोकून दिले होते.

नैराश्यावर गोळ्या घ्याव्याच लागतात का, हा प्रश्न आता आपल्याकडे घराघरांत निघतो. एक मामा सांगतो, गोळ्या घेतल्या म्हणून वाचलो. दुसरी आत्या सांगते, गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा हवापालट करा, घरचे खा, माणसांत राहा. रामानुजन यांच्या प्रकरणात हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो, कारण १९१८ मध्ये नैराश्यावरची गोळीच अस्तित्वात नव्हती. करता येण्याजोगे जे काही होते ते सगळे आत्याबाईंच्या यादीतले: हवा, आहार, विश्रांती, कौतुक, घर. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट करून पाहिली गेली किंवा नाकारली गेली, आणि दोन्हींचे कागद उरले आहेत.

शंभर वर्षांपूर्वीच्या माणसावर दुरून मानसिक आजाराची चिठ्ठी चिकटवण्याचा उद्योग मला आवडत नाही. रामानुजन यांच्यावर अशा बऱ्याच चिठ्ठ्या चिकटवून झाल्या आहेत. पण जीव देण्याचा प्रयत्न, त्याआधीचे तुटलेपण, जेवणावरून उडालेले मन आणि घरी पत्रे लिहिणे बंद होणे हे सगळे एकत्र ठेवले की नैराश्य या निदानापासून फार लांब जाता येत नाही.

कागद दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार त्या त्या दिवशी लिहिलेला: हार्डी, रामानुजन आणि रामलिंगम यांची पत्रे, मद्रास विद्यापीठाचा पत्रव्यवहार. ग्लासगोचे गणिती रॉबर्ट रँकिन यांनी १९८४ मध्ये रुग्ण म्हणून रामानुजन यांच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. पुढे १९९५ मध्ये ब्रूस बर्न्ट यांच्यासह त्यांनी ही पत्रे टिपांसकट छापली. दुसरा प्रकार आठवणींचा. पत्नी जानकी अम्माळ, खगोलशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर, केंब्रिजमधले भारतीय विद्यार्थी यांनी वर्षांनी, कधी दशकांनी सांगितलेल्या गोष्टी. रॉबर्ट कॅनिगेल यांच्या १९९१ च्या चरित्रात दोन्ही धागे एकत्र विणले गेले, आणि बहुतेक वाचकांना ही कथा तिथूनच माहीत आहे. मी मात्र शक्य तिथे त्या दिवसाच्या कागदाला आधी मान देतो. आठवणीत घटना गोळीबंद होते. पत्रात ती अजून चालू असते.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, ईरोडला, आजोळी. वाढले ते कुंभकोणमला, सारंगपाणी मंदिरासमोरच्या सन्निधी रस्त्यावरच्या छोट्या घरात. वडील कापडाच्या दुकानात गुमास्ते. आई कोमलताम्माळ देवळात भजने म्हणत आणि घरचा कारभार त्यांच्याच हातात. मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके नको वाटायला. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातले हे गाव, आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म इथल्याच एका मराठी देशस्थ घरातला. पण रामानुजन यांचे घर अय्यंगारांचे, सोवळ्याचे, आणि पैशांची कायम ओढ असलेले.

१९०४ मध्ये त्यांना कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. गणिताखेरीज कशातच लक्ष नसल्याने ती गेली. ऑगस्ट १९०५ मध्ये सतरा वर्षांचा हा मुलगा घरात न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. सप्टेंबरमध्ये ‘हिंदू’त हरवलेल्या मुलाची बातमी आली. महिन्याभराने तो परतला. पुढच्या वर्षी मद्रासला पच्चैयप्पा कॉलेजात असताना त्याला आमांश झाला आणि तो आजारी होऊन कुंभकोणमला आला. हा आमांश लक्षात ठेवायला हवा. जानेवारी १९१० मध्ये वृषणाच्या सुजेवर शस्त्रक्रिया झाली. घरात पैसे नव्हते, म्हणून डॉक्टरांनी ती फुकट केली. हीसुद्धा लक्षात ठेवायची.

पळून जाण्याची तीच चाल केंब्रिजमध्ये पुन्हा दिसते. ज्ञानेशचंद्र चटर्जी या विद्यार्थ्याला आणि त्याच्या वाग्दत्त वधूला रामानुजन यांनी एकदा जेवायला बोलावले होते. त्यांनी स्वतः स्वयंपाक केला आणि स्वतःच वाढले. तिसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा पाहुण्यांनी नको म्हटले. रामानुजन खोलीतून निघून गेले ते परत आलेच नाहीत. काही दिवसांनी ऑक्सफर्डहून तार आली, पाच पौंड पाठवा. मी वाढलेले त्यांनी घेतले नाही, एवढेच त्यांचे कारण होते. या आठवणीवर कुणी गमतीचा किस्सा म्हणून हसतो. मला तीत अपमानाने पार गळून जाणारा माणूस दिसतो, आणि १९०५ चा मुलगाही.

केंब्रिजला जाण्यासाठी १७ मार्च १९१४ रोजी ते मद्रासहून ‘नेवासा’ बोटीने निघाले आणि १४ एप्रिलला लंडनला पोचले. चार महिन्यांत महायुद्ध सुरू झाले. हार्डी आणि त्यांचे सहकारी गणिती लिटलवुड यांच्याबरोबर पहिली तीन वर्षे काम जोरात चालले. राहणे मात्र सुरुवातीपासून कठीण होते. किंग्ज कॉलेजात शिकणारे प्रशांतचंद्र महालनोबिस एकदा खोलीवर गेले तेव्हा कळले की रामानुजन थंडीने काकडत पलंगावरच्या चादरीवर झोपत होते. ब्लँकेटे दुमडून गादीखाली खोचलेली असतात आणि त्यांच्या आत शिरायचे असते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. स्वयंपाक ते स्वतः करत. कामाच्या तंद्रीत वेळी-अवेळी जेवत. युद्धामुळे भाजीपाला आणि फळे मिळेनाशी झाली. जर्मन पाणबुड्यांमुळे मायदेशी जाणेही धोक्याचे झाले.

१९१७ च्या वसंतात ते आजारी पडले. आधी केंब्रिजच्या एका नर्सिंग होममध्ये, मग मेंडिप डोंगरांतल्या सॅनेटोरियममध्ये, आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून मॅटलॉकला. निदानांचा प्रवास हार्डींच्या पत्रांत नीट दिसतो. पहिला अंदाज जठराच्या व्रणाचा होता. तो सोडून क्षय धरला गेला. मग लंडनच्या डॉ. बॅटी शॉ यांनी एक गोष्ट शोधून काढली जी बाकीच्या डॉक्टरांना ठाऊकच नव्हती: या रुग्णावर काही वर्षांपूर्वी भारतात शस्त्रक्रिया झाली होती. यावरून त्यांनी शंका घेतली की तेव्हा काढलेली गाठ कर्करोगाची असावी. सहा महिने गेले, रुग्ण काही खालावला नाही, तेव्हा तीही शंका मागे पडली. १९१० मधली ती फुकटची शस्त्रक्रिया आठ वर्षांनी लंडनमध्ये अशी उगवली. रुग्णाचा पूर्वेतिहास धडपणे विचारला गेला नव्हता, हे यातून उघडच आहे. हार्डी यातल्याच एका पत्रात लिहितात की रामानुजन सर्व हिंदी माणसांसारखे दैववादी आहेत आणि त्यांना स्वतःची काळजी घ्यायला लावणे महाकठीण आहे. हार्डींच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी थंडीत कुडकुडणाऱ्या, उपाशी राहणाऱ्या माणसाच्या तुटलेपणाला त्याच्या वंशाचा स्वभाव म्हणून मोकळे होणे, ही त्या काळची मोठी सोय होती.

थंडीविषयी रामानुजन यांचे स्वतःचेच पत्र आहे, हार्डींना सॅनेटोरियममधून लिहिलेले. महिना झाला, एकदाही शेकोटी मिळालेली नाही. आल्या दिवशी तासा-दोन तासांचा जाळ मिळाला तेवढाच. थंडीने अनेकदा जेवणसुद्धा गेले नाही. हार्डींनी मधे पडून लिहिल्यावर अधिकाऱ्यांनी कबूल केले की ज्या दिवशी काही गंभीर गणित कराल त्या दिवशी शेकोटी मिळेल. तो दिवस अजून उगवलेला नाही, असे ते लिहितात. न्हाणीघर तेवढे ऊबदार आहे, म्हणून रोज तासभर कागद-पेन घेऊन तिथे बसणार आणि लवकरच दोन-तीन लेख पाठवणार.

हे पत्र मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा शेकोटीची ती अट डोक्यातून जात नाही. दुष्टपणा म्हणून नाही. क्षयावरचा त्या काळचा मान्य उपचारच तो होता: उघड्या खिडक्या, थंड हवा, सक्तीची विश्रांती, दूध आणि अंडी. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळे केले गेले. निदान चुकीचे असेल तर पुस्तकातला उपचारही माणसाला कसा पिळून काढतो, याचा हा कागद आहे.

मग घर. कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार सुरुवातीला महिन्याला तीन-चार पत्रे येत. ती कमी होत गेली आणि १९१७ मध्ये जवळजवळ थांबली. हे हार्डींना फार उशिरा कळले. पत्रे थांबण्यामागे घरचे भांडण होते. जानकी तेव्हा विशीच्या आतबाहेर. लग्न १९०९ चे. नवऱ्याकडे इंग्लंडला जाण्याची तिची इच्छा सासूने मोडून काढली होती. जानकी अम्माळ यांनी पुढे सांगितले की दोघांची एकमेकांना लिहिलेली पत्रे सासूबाई मधेच अडवत. अखेर भावाच्या लग्नाचे निमित्त करून ती कराचीला भावाकडे गेली आणि परतली नाही. सासू-सुनेच्या भांडणातली एक बाजू ऐकून निकाल देऊ नये. पण पत्रे थांबली ही गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य आहे.

ऑक्टोबर १९१७ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने रामानुजन यांना फेलोशिप नाकारली. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी किंवा फेब्रुवारी १९१८ मध्ये, लंडनच्या भुयारी स्टेशनातली ती घटना घडली. तिची हकीकत चंद्रशेखर यांच्याकडून येते. ती त्यांनी ट्रिनिटीत हार्डींच्या तोंडून ऐकली आणि फार वर्षांनी लिहून ठेवली. एका रेल्वे कर्मचाऱ्याने पाहिले आणि विजेचा प्रवाह तोडला. गाडी काही फुटांवर थांबली. पाय रक्तबंबाळ झाले, व्रण कायमचे राहिले. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता, आणि १९६१ पर्यंत राहिला. म्हणून स्कॉटलंड यार्डने त्यांना ताब्यात घेतले. हार्डी धावत गेले आणि त्यांनी ठोकून दिले की हा माणूस रॉयल सोसायटीचा फेलो आहे, याला अटक करता येणार नाही. प्रत्यक्षात निवड व्हायची होती. पोलिसांनी चौकशी केली, खोटे ओळखले आणि तरी सोडून दिले.

त्यानंतर लंडनमध्ये किंवा मॅटलॉकला कुणी मनाच्या डॉक्टरला बोलावल्याचा उल्लेख या पत्रव्यवहारात येत नाही. मनाची तपासणी झाली ती निराळ्याच कारणासाठी. लिटलवुड यांच्या आठवणीनुसार त्या शरद ऋतूत ट्रिनिटीच्या फेलोशिपची निवडणूक पुन्हा आली, तेव्हा विरोधकांनी आत्महत्येच्या प्रयत्नाची कुजबुज पुढे केली. उत्तरादाखल रुग्णाच्या मनःस्थितीविषयी दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रे मिळवावी लागली. म्हणजे या माणसाचे डोके ठिकाणावर आहे का, हे विचारले गेले. त्याला काय होते आहे, ते नाही.

तेव्हाच्या डॉक्टरांच्या पेटीत होतेच काय? ब्रोमाइड होते, अफू होती, १९०३ पासून व्हेरोनाल नावाची झोपेची पूड होती. मन शांत करणे म्हणजे गुंगी आणणे. नैराश्यावरचे पहिले औषध यायला आणखी तीस-पस्तीस वर्षे होती, आणि ते आले क्षयाच्या वॉर्डातून. १९५१-५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांवर इप्रोनियाझिड देऊन पाहत होते. फुप्फुसाआधी रुग्णांचे चेहरे बदलले. भूक लागली, गप्पा सुरू झाल्या, कुणी नाचायलाही लागले. १९५७ पर्यंत ते नैराश्यावर वापरले जाऊ लागले, आणि त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा गुण सांगितला. क्षयाच्या नावाखाली थंडीत झोपवलेल्या रामानुजन यांची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही.

औषध नव्हते, तेव्हा हार्डींनी त्यांना ठाऊक होते ते केले. डिसेंबर १९१७ मध्येच त्यांनी रॉयल सोसायटीसाठी नाव पुढे केले होते. एरवी थोडे थांबलो असतो, पण प्रकृती पाहता थांबणे परवडणारे नाही, अशा अर्थाचे त्यांनी अध्यक्षांना कळवले होते. मेमध्ये निवड झाली. ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीची फेलोशिपही मिळाली: वर्षाला अडीचशे पौंड, सहा वर्षे, कामाचे बंधन नाही. रामानुजन यांनी पुन्हा गणित सुरू केले. २६ नोव्हेंबर १९१८ रोजी हार्डी मद्रास विद्यापीठाचे रजिस्ट्रार फ्रान्सिस ड्यूजबरी यांना कळवतात की अखेर निश्चित सुधारणा आहे. ताप चढ-उतार करत नाही, वजन जवळजवळ एक स्टोन, म्हणजे सहा किलोंच्या आसपास, वाढले आहे. डॉक्टरांचे आता मत असे की रक्तात कुठून तरी विष भिनत होते आणि तो झरा आटला आहे. आजारात काम कमी झाले, पण त्याचा कस उतरलेला नाही.

गोळीविरोधी मंडळींना इथे थांबायला आवडेल. सन्मान मिळाला, माणूस उठून बसला. पण त्या शरद ऋतूत एकाच वेळी काय काय घडले ते मोजा. ताप गेला. रुग्ण मॅटलॉकहून लंडनला हलला, पुढे पटनीच्या नर्सिंग होममध्ये आला. ११ नोव्हेंबरला युद्ध संपले आणि घरी जाण्याची वाट मोकळी झाली. फेलोशिपने पैशांची ओढ संपली. यातल्या कशाने मन वर आले, हे एका रुग्णाच्या कागदांवरून सांगता येणार नाही. आणि तापाशी मनाचा संबंध किती, हा तर वेगळाच मुद्दा.

११ जानेवारी १९१९ चे रामानुजन यांचे ड्यूजबरींना पत्र मात्र कागदावर उतरलेले सुधारलेले मन आहे. मद्रास विद्यापीठाने वर्षाला २५० पौंड देऊ केले होते. ते लिहितात की एवढे मला लागणार नाहीत. त्यातले ५० आईवडिलांना द्यावेत आणि खर्च भागून उरतील ते गरीब आणि अनाथ मुलांच्या फीसाठी, पुस्तकांसाठी वापरावेत. गेल्या दोन वर्षांत आजारामुळे हातून पुरेसे काम झाले नाही, याचा खेदही आहे. वर्षभरापूर्वी रुळांवर उडी घेतलेला माणूस पुढच्या कित्येक वर्षांच्या पैशांची वाटणी करतो आहे. मला या पत्रात इतरांना दिसते त्या त्यागापेक्षा भविष्यकाळ जास्त दिसतो.

मग आत्याबाईंचा सर्वांत मोठा उपाय: घर. ‘नागोया’ बोटीने रामानुजन मार्च १९१९ मध्ये मुंबईला उतरले. आई आणि भाऊ धक्क्यावर घ्यायला आले होते. आठवण सांगते की त्यांचा पहिला प्रश्न जानकी कुठे आहे हा होता, आणि आईला तो आवडला नाही. पुढे मद्रासला जानकी आली. उन्हाळा कावेरीकाठी कोडुमुडीला गेला, आणि सप्टेंबरमध्ये कुंभकोणम. ऊन होते, घरचा भात होता, ताक होते, बायको होती, देऊळ दारात होते. जानकी अम्माळ सांगत की वेदना वाढल्या की गरम पाण्यात बुडवलेल्या टॉवेलने पाय आणि छाती शेकायची. ती भांडी त्यांनी म्हातारपणापर्यंत जपून ठेवली होती. आजाराने तोडून टाकलेले, चिडचिडे, मोजके बोलणारे रामानुजन परत आले, असेच तेव्हाच्या माणसांनी सांगितले आहे. जानकीला इंग्लंडला येऊ दिले असते तर मी आजारी पडलो नसतो, असे ते म्हणत, हीदेखील तिचीच आठवण. हवापालट, घर आणि बायको हे तिन्ही मिळाले, आणि शरीर खचतच गेले.

मद्रासचे डॉ. पी. एस. चंद्रशेखर अय्यर यांनी निदान क्षयाचेच धरले. जानेवारी १९२० मध्ये रामानुजन मद्रासला हलले. १२ जानेवारीला, परतल्यानंतरचे पहिले पत्र, त्यांनी हार्डींना मॉक थीटा फंक्शन्सविषयी लिहिले. त्यात आजाराची रड नाही, नवे गणित आहे. शंभराहून अधिक पाने त्या वर्षात भरली. जॉर्ज अँड्र्यूज यांना ती १९७६ मध्ये ट्रिनिटीच्या ग्रंथालयात सापडली. २६ एप्रिल १९२० रोजी रामानुजन गेले. वय बत्तीस.

१९९४ मध्ये डी. ए. बी. यंग यांनी हे सगळे वैद्यकीय कागद पुन्हा लावले. त्यांचा निष्कर्ष: क्षय नव्हता, यकृतात दबलेला अमीबा होता. १९०६ चा आमांश अर्धवट बरा झाला आणि वर्षांनी यकृतात उमटला. मधूनच येणारा ताप, मधूनच येणारी बरी अवस्था, फुप्फुसांत क्षयाच्या ठोस खुणांचा अभाव हे सगळे त्यात बसते. अमीबावरचे औषध तेव्हा होते. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये कलकत्त्यात इमेटिनची इंजेक्शने सुरू केली होती, आणि गॅलिपोलीहून परतलेल्या आमांशाच्या सैनिकांमुळे इंग्लंडच्या डॉक्टरांना हा रोग चांगला परिचित होता. कुंभकोणमच्या माणसाला आमांश कधी झाला होता का, हा एक प्रश्न पुरला असता. यंग यांचे मत सर्वांनी मान्य केले आहे असे नाही. मला मात्र ते पटते, कारण शरद १९१८ मधली ती अचानक सुधारणा क्षयाने समजावता येत नाही.

हे खरे असेल तर मनावरच्या गोळीचा वाद एक पाऊल मागे जातो. महिनोन्महिने तापलेले यकृत, उपासमार आणि वजन घटलेले शरीर मनाला खाली ओढतेच. १९१८ मध्ये आजची गोळी असती तर कदाचित तिने तो माणूस रुळांपासून लांब ठेवला असता, आणि यकृतातला अमीबा तसाच राहिला असता. इमेटिन दिले असते तर कदाचित दोन्ही सुटले असते. एकाकीपण, नाकारलेली फेलोशिप आणि अडवलेली पत्रे ही तरीही राहिलीच असती.

एका माणसावरून नियम काढू नये. नियम काढायला हजारो लागतात, आणि ते काम झाले आहे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्या आणि सुमारे १ लाख १६ हजार रुग्णांचा हिशेब आला. तपासलेली सर्व २१ औषधे बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता. आपल्या शेजारच्या गोव्याचे दोन अभ्यास मला जास्त बोलके वाटतात. दोन्ही विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचे. २००३ च्या अभ्यासात ४५० रुग्ण होते. फ्लुऑक्सेटिनने दोन महिन्यांत बिनऔषधी गोळीपेक्षा जास्त आराम दिला, बोलण्याच्या उपचाराने नाही. २०१७ च्या अभ्यासात उलट वाटावे असे घडले. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. रोजची कामे पुन्हा हातात घ्यायची, अडचणी एकेक सोडवायच्या, असा तो साधा कार्यक्रम. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के बरे झाले, नुसत्या नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. दोन्ही निकाल खरे आहेत. बैठका कशा घेतल्या, कोणी घेतल्या, रुग्ण किती आले, यावर सगळे अवलंबून असते. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सौम्य नैराश्यात गोळी सरसकट पहिली देऊ नका म्हणतात, आणि तीव्र नैराश्यात गोळी आणि मानसोपचार दोन्ही एकत्र सुचवतात. चालू गोळ्या मनाने बंद करणे हे मात्र यातल्या कशातही बसत नाही.

आज कुंभकोणमच्या सरकारी रुग्णालयात तीस वर्षांचा, वजन उतरलेला, रोज संध्याकाळी ताप येणारा आणि नुकताच रेल्वेखाली जाता जाता वाचलेला माणूस आणला तर डॉक्टरांनी पोलिसांची भीती बाळगायचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र मानसिक तणावाखाली समजून उपचार देणे बंधनकारक केले, आणि जुलै २०२४ पासून आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ नव्या संहितेत राहिलेच नाही. त्याला एकटे सोडायचे नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाला दाखवायचे, आणि माझ्या मते नैराश्यावरची गोळी त्याच आठवड्यात सुरू करायची. तिचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात. त्या आठवड्यांत थुंकी तपासायची, रक्तातले बी-१२ पाहायचे, यकृताची सोनोग्राफी करायची, आणि आमांश कधी झाला होता का ते विचारायचे. अमीबा निघाला तर मेट्रोनिडॅझोल गल्लीतल्या औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळते.